रेडिओतली रेणुका

मंगळवार, ८ जून १९४३

आज चावडीतल्या रेडिओतून रेणुका बोलली!

लिहिलं खरं. आता त्या ओळीकडं बघत बसलेय. खोडावी वाटते, खोडवत नाही.

सरकारनं या उन्हाळ्यात निंबर्ग्याच्या चावडीत रेडिओ बसवला. किल्ली माणिकप्पा दुकानदाराकडं असते. लढाईच्या बातम्या, तुरीचे भाव, कधीतरी गाणं. पुरुष आत बसतात. आम्ही बायका मागच्या अंगाला, लिंबाखाली. खिडकी उघडी असली तर ऐकू येतं, नाहीतर नाही. आजपासून हैदराबादहून बायकांची शाळा सुरू झाली — मंगळवारी मराठीत, शुक्रवारी कानडीत. माणिकप्पानं पेटीचं तोंड खिडकीकडं फिरवलं आणि आतूनच ओरडला, "अक्का, या गं समद्या! तुमची शाळा लागली!"

बायका खो खो हसल्या. शकुबाई म्हणाली, "केस पिकले अन् आता शाळा!" मग एक बाई बोलायला लागली. सावकाश. जवळ बसून बोलावं तसं. "पाटी नसली तर राख पसरा. राख तर घरोघरी आहे ना? बोट आहे ना? मग बघा हं —"

मायच्या मांडीवरचं सूप पालथं झालं. डाळ मातीत.

"रेणुका," माय म्हणाली. "माझी रेणुका हाय ती."

मी तिला गप्प करणार होते. पण माझ्याच अंगावर काटा उभा राहिला. ते 'बघा हं' — आणि त्यापुढं आत ओढलेला श्वास. पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात तसा. अगदी तसाच!

बुधवार, ९ जून

काल पुढचं लिहवलं नाही.

रेणुका माझी धाकटी बहीण. तिला जाऊन तेरा वर्षं झाली. माझे यजमान आळंदला मास्तर होते. ते आमच्याकडं आले की ही त्यांच्या पायाशी पाटी घेऊन बसायची. तुरीच्या राशीपाशी राखणीला बसायची तशी, हटायची नाही. त्यांनी अप्पांना सांगितलं, पोरगी हुशार आहे, गुलबर्ग्याला शाळेत घालू या. अप्पा म्हणाले, लग्न ठरलंय. आळंदचाच बिजवर होता. हळदीच्या आदल्या सकाळी रेणुका पाण्याला गेली. गुरुपादय्यांच्या विहिरीत घागर तरंगताना सापडली. ती नाही सापडली.

गळ टाकले. माणसं उतरवली. गुरुपादय्या म्हणाले, जुनी विहीर आहे, आत कपार आहे, तिथं अडकलेलं वर येत नाही. शेवटी दर्भाची बाहुली केली आणि माझ्या भावानं, आप्पारावनं, तिला अग्नी दिला. तेव्हा तो मिसरूड न फुटलेला होता. तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही. अप्पा पुढल्याच वर्षी गेले.

माय कधी रडली नाही. बाहुली जळताना म्हणाली होती, "हे गवत हाय." बस, एवढंच.

मंगळवार, १५ जून

माय सकाळपासूनच लिंबाखाली जाऊन बसली. समोर राख पसरून, हातानं सपाट करून.

आज बाईनं 'र' शिकवला. "हंड्यावर वाकून पाणी घेणारी बाई आठवा. आधी डोकं. मग वाकलेली पाठ. आणि मागं रेटलेला पाय. वरून एक रेघ — ते तुमच्या घराचं आढं." असं कुणी शिकवलं होतं मला! मास्तरांनी सुद्धा नाही. माझं बोट आपोआप राखेत चाललं.

मायचा 'र' आडवा झोपला होता. मी म्हटलं, "माय, जरा उभा कर." तिनं माझा हात झटकला. "तू न्हाई. ती सांगायलीय न्हवं?"

परत येताना विचारलं, "तुला या वयात शिकून काय करायचंय?"

"मला कशाला शिकायचंय? पर ती सांगंल तसं केलं न्हाई, तर रुसंल. परत जाईल."

घरी येऊन मी चुलीतली राख तिच्यासाठी चाळून ठेवली.

शुक्रवार, १८ जून

दळताना जात्याच्या घरघरीत कुणीतरी श्वास ओढल्यासारखं झालं. जातं थांबवलं. काही नाही. परत फिरवलं. परत तेच. अर्धं दळण तसंच ठेवून उठले.

मंगळवार, २२ जून

गावभर झालं. विहिरीतली बाई पेटीत आली म्हणे. हैदराबादला जायला तिला गाडी लागत नाही, जमिनीखालून पाण्यापाण्यानं जाते म्हणे. कोण काय बोलेल! आज लिंबाखाली जागा नव्हती. मागच्या मंगळवारी मूठभर बायका होत्या. आज धनगरवाड्यातल्या सुद्धा आल्या. भूत ऐकायला आल्या आणि राखेत 'ग' काढून गेल्या. महादेवीला तर मराठी धड येत नाही, ती शुक्रवारची. तीही आली. पदराआडून पेटीकडं बघत मला विचारलं, "अक्का, निजवागलू तुमची बहीण हाय का?" खरंच का, म्हणून.

मला नाही म्हणता आलं नाही. हो म्हणता आलं नाही.

सांजेला आप्पाराव मायवर ओरडला. "म्या माझ्या हातानं तिला जाळलंय! मेलेलं मानूस कामून उकरायलीस? लोक हसायलेत."

माय भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तू गवत जाळलंस."

तो ताटावरून उठला.

गुरुवार, १ जुलै

मी दोन्ही बाजूंनी विचार करते. रेणुका 'न्हाई' म्हणायची, ही बाई 'नाही' म्हणते. रेणुकाला ओळ सरळ बोलता यायची नाही, मधेच हसायची. ही हसत नाही. पण तेरा वर्षं शहरात राहिल्यावर बोली बदलते. माझीही मास्तरांकडं राहून बदलली.

मग वाटतं, गेली असेल ती. घागर मुद्दाम टाकून गेली असेल. चालत गुलबर्गा, तिथनं हैदराबाद. शिकली असेल. आणि आता आपल्यासारख्या मागं राहिलेल्या बायांना बोलावत असेल.

मग विहिरीकडनं येते तेव्हा हे सगळं गळून पडतं. पाणी काळं आहे. वरून वाकून बघितलं तर आपलंच तोंड दिसतं, आणि ते आपलं वाटत नाही.

मंगळवार, ६ जुलै

एक गोष्ट लक्षात आली. ती बाई बोलते, पण तिला आमच्या राखेतलं दिसत नाही. ती म्हणते, "झालं? छान!" आणि इकडं शकुबाईचा 'भ' पोट खाली करून पडलेला असतो. ती दूर. तिचा दोष नाही.

आज शाळा संपल्यावर शकुबाईच म्हणाली, "सोजरा, तुला येतंय न्हवं? बघ की हे बरूबर हाय का." मी बघितलं. मग दुसरीनं हाक मारली, मग तिसरीनं. सगळ्यांच्या राखेत वाकून वाकून कंबर मोडली. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा माझं शिक्षण कुणाच्या कामाला आलं. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

माय मात्र माझ्याकडं पाठ करून बसली.

मंगळवार, २० जुलै

पेटी बोलली नाही. बॅटरी उतरली. माणिकप्पानं ती पाठवलीय गुलबर्ग्याला, भरून यायची आहे. आज येईल म्हणाला होता, आली नाही.

बायका थोडं थांबून गेल्या. माय बसून राहिली. माणिकप्पा बाहेर येऊन म्हणाला, "नागूबाई, आज न्हाई व्हायचं. मसाला संपलाय तिच्यातला."

माय म्हणाली, "काल म्या 'म' गिरवला न्हाई. गाईला दिवस भरलेत, तिच्यापाशी हुते. म्हनून ती रुसली."

मी म्हटलं, "यंत्र हाय ते, माय!"

"व्हय. पर लेक माझी हाय."

घरी आली, जेवली नाही. गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं, खालपासून वरपर्यंत 'म' काढत राहिली. अंधार पडला तेव्हा थांबली.

मंगळवार, २७ जुलै

बॅटरी आली. बाई बोलली. माय जेवली.

मंगळवार, १७ ऑगस्ट

मायला आता रेणुकाचं नाव लिहायचंय. 'र' येतो. मात्रा आली. 'क' आला — मधे छपराची मेढ, एका अंगाला कळशी, एका अंगाला तिचा कान. काना आला, उकार आला. अडलंय ते 'ण'पाशी. बाईनं अजून 'ण' घेतलाच नाही.

मी म्हटलं, "मी दाखवते की! एक क्षणाचं काम."

"न्हाई."

"माय, मी काय तुझी लेक न्हाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. कधीपासून बघितलं नव्हतं तसं. "तू हायस की. तू घरात हायस. तुला मी कवाबी इचारीन."

कवाबी! सहा वर्षं झाली मला माहेरी परत येऊन. या घरात मी चुलीसारखी आहे. चुलीला कुणी हाक मारतं का?

हे लिहून मोकळी झाले. आता कुणाला दाखवायचं नाही.

मंगळवार, ३१ ऑगस्ट

आज 'ण' आला! "एक छोटं घर. शेजारी एक खांब." बाई एवढंच म्हणाली. मायनं राखेत बोट टेकवलं. खांब घरातच घुसला. पुसलं. परत घुसला. बाई पुढं गेलीही, ती काय थांबते! माय राखेकडं बघत राहिली. डोळ्यांतून एक टिपूस त्या राखेत पडलं.

मी मागून तिचा हात धरला. या वेळी झटकला नाही. दोघींच्या बोटांनी घर काढलं. जरा जागा सोडून खांब काढला.

मग तिनं एकटीनं लिहिलं. रेणुका. वाकडं, मोठं. जवळजवळ हातभर. सगळ्या बायका गोळा झाल्या. महादेवीनं त्या अक्षरांना हात जोडले, देवाला जोडतात तसे. मला ते बघवलं नाही.

वारा आला. राख उडाली. माय म्हणाली, "असू दे. आता येतंय मला."

मंगळवार, १४ सप्टेंबर

बाईनं सांगितलं — "तुमच्या हातानं कार्ड लिहा. चुकलं तरी चालेल. मी इथं वाचून दाखवीन."

माय त्याच पावली माणिकप्पाच्या दुकानात गेली. कार्ड घेऊन आली. मी फक्त पत्ता घातला. बाकी तिनं लिहिलं. सगळा दिवस लागला. लिहिलं ते असं —

रेणुका घरी ये. कुणी काही मनणार नाही. माय. निंबरगा.

मी 'म्ह' दुरुस्त करू का विचारलं. नको म्हणाली. "तिला कळंल."

टपाल्याच्या हातात कार्ड देऊन आले. आता ते गेलं. मला धाप लागल्यासारखं झालंय. ते कुणाच्या हातात पडणार? कोण वाचणार?

मंगळवार, २१ सप्टेंबर

वाचलं नाही. दुसऱ्या गावांची कार्डं होती. माय म्हणाली, "लांब हाय हैदराबाद."

मंगळवार, ५ ऑक्टोबर

नीट लिहिते. जसं झालं तसं.

आज दसऱ्याच्या तोंडावर गर्दी होती. आप्पारावही चावडीत होता, पुरुषांत, खांबाला टेकून. बाईनं दोन कार्डं वाचली. मग म्हणाली, "हे कार्ड निंबर्ग्याहून आलंय." एवढं ऐकून बायका गुडघ्यांवर उठून खिडकीकडं सरकल्या.

"लिहिणाऱ्या आहेत एक आई. आई, तुमचा 'ण' फार सुरेख आलाय."

माय ताठ बसली होती. ओठ हलत होते.

कागद चाळल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाली, "तुम्ही लिहिलंय, घरी ये. आई, मी दर मंगळवारी तुमच्या घरी येतेच की. कुणी काही म्हणत नाही. बघा हं —" आणि तो श्वास.

कुणीतरी हुंदका दिला. मायनं नाही. माय हसत होती! तिला हसताना मी कधी बघितलं होतं आठवत नाही. वळून बायकांना म्हणाली, "आयकलात? येतेय म्हनली."

आप्पाराव चावडीतनं बाहेर आला. मला वाटलं ओरडणार. तो लिंबाच्या बुंध्याला हात लावून उभा राहिला. मग मला म्हणाला, "अक्का, ती बॅटरी पुढच्या बारीला मी नेतो. माझ्या गाडीत. माणिकप्पाचं मानूस उशीर करतंय."

आणि गेला. पाठमोरा, पटक्याच्या शेवानं तोंड पुसत.

बुधवार, ६ ऑक्टोबर

मलाही आता तीच वाटते. देवा, मलाही!

मंगळवार, १९ ऑक्टोबर

शकुबाई अक्कलकोटच्या बाजारला गेली होती. तिथं धर्मशाळेच्या दारावर पाटी — 'बायकांसाठी'. वाचली म्हणे. उभी राहून परत वाचली. "आजवर दुसऱ्या बाया कुठनं आत जातात बघून जात हुते. आज सोताहून गेले!" सगळ्यांना दोन दोनदा सांगितलं. पेढे वाटल्यासारखं तोंड झालं होतं.

चांगलं आहे. सगळं चांगलं आहे. तरी झोपेतनं उठल्यासारखी मी दिवसा दचकते. अंगणात कुणी बोललं की वाटतं, आता नाव घेईल.

रविवार, ३१ ऑक्टोबर

माणिकप्पा मालाला हैदराबादला निघालाय. मी त्याला गाठलं. म्हटलं, "तिथं रेडिओच्या कचेरीत जाऊन याल? बघून याल फक्त?"

त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "बघितल्यावर सांगावं लागंल, अक्का. तुमाला पायजे का ते?"

"पायजे."

गुरुवार, ११ नोव्हेंबर

माणिकप्पा आला.

फाटकावरच्या शिपायानं आत सोडलं नाही म्हणे. तो बाहेर उभा राहिला. बाई टांग्यातनं उतरली. शिपायानं सांगितलं, मंगळवारची बाई तीच. साठीची असंल. पांढरे केस, जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी. माणिकप्पानं पुढं होऊन सांगितलं, निंबर्ग्याचा आहे. बाईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला म्हणे. "त्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी कऱ्हाडकडची. मला मूल नाही. त्यांचं कार्ड माझ्यापाशी ठेवलंय." आणि म्हणाली, तिला दमा आहे. बोलता बोलता धाप लागते.

दमा. तो श्वास दम्याचा!

मी मागच्या ओसरीवर जाऊन बसले. रडू येईल वाटलं, आलं नाही. रेणुका आज परत मेली. या वेळी मी एकटीच सुतकात.

मग उठले आणि मायला सगळं सांगितलं. लपवायचं नव्हतं. तिच्यासमोर बसून, हात धरून सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मानिकप्पाला काय ठावं? त्यानं रेणुकाला कवा नीट बघितलं हुतं?"

"साठ वर्षांची आहे माय, ती!"

"लई कष्ट काढले असतील पोरीनं."

मंगळवार, १६ नोव्हेंबर

गेलो. बसलो. बाई बोलली. आता मला म्हाताऱ्या बाईचा आवाज ऐकू येतो. थकलेला, प्रेमळ, परका. कसा ऐकू आला नव्हता इतके दिवस?

मी राखा तपासत फिरले. महादेवी आता मराठीत आपलं नाव लिहिते आणि कानडीतही. तिच्या घरात आजवर कुणालाच आलं नव्हतं. हे कुणी केलं? त्या बाईनं? की जी नव्हतीच तिनं? तिला ऐकायला आल्या नसत्या तर यातली एकही इथं बसली नसती.

माय पुढच्या रांगेत. तिनं या आठवड्याचा धडा आधीच गिरवून ठेवला होता.

शनिवार, ८ जानेवारी १९४४

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. आप्पारावनं आळंदहून मायला दगडी पाटी आणून दिली. ती उशाशी घेऊन निजते.

मंगळवार, ११ जानेवारी

रेणुका आली.

खरी. हाडामांसाची. दुपारी दारात उभी राहिली, आणि भुवईवरचा लहानपणचा व्रण बघून मी ओळखलं. इतकी वर्षं सोलापूरला गिरणीत होती. तिथं आळंदची एक बाई बोलली म्हणे — निंबर्ग्याची विहिरीत मेलेली पोर रेडिओतनं शिकवायलीय. "माझंच भूत ऐकायला आले, अक्का," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. शिकायला म्हणून पळाली होती. मास्तरांनी शिकवलेलंही गिरणीत विसरली, एक अक्षर राहिलं नाही.

तिनं मायच्या पायांवर डोकं ठेवलं. "माय, मी." कापसाच्या धुळीनं पार बसलेला आवाज.

माय कितीतरी वेळ तिच्याकडं बघत राहिली. उठून पाणी दिलं. भाकरी वाढली. मग विचारलं, "कुठल्या गावची गं तू, बाई?"

मी ओरडले, "माय, रेणुका हाय ही!" माय हसली. ओळखलं नाही की ओळखायचं नव्हतं, मला कळलं नाही. तेवढ्यात चावडीतनं माणिकप्पाची हाक आली. मायनं पदर सारखा केला, पाटी उचलली आणि रेणुकाच्या हातात दिली.

"चल, ऊठ. माझी लेक शिकवायलीय. तुलाबी शिकवंल."